एकाच पानावर अनेकांचे लेखन : मुक्त विकी-प्रणालींची निवड आणि यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्ह्याचे एक आरंभीचे व्यवस्थित संकलन म्हणजे 1908 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले जिल्हा गॅझेटियर होय. त्यातील माहिती गावोगावचे पाटील, पटवारी आणि कास्तकार यांच्याकडून आलेली असली, तरी लेखणी मात्र प्रशासकांच्या हाती होती. सांगणारे एक आणि लिहिणारे दुसरे, अशी ही रचना होती आणि त्यानंतरच्या बहुतेक संकलनांतही ती तशीच राहिली. कापसाचे कोणते वाण कोणत्या जमिनीत टिकते हे राळेगाव-कळंबच्या शेतकऱ्याला ठाऊक असते, कोळशाच्या खाणींनी पाण्याची पातळी कशी बदलली हे वणीकडच्या माणसाला कळते, आणि झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील कोलामांच्या पोडांवर जी कोलामी बोलली जाते तिचे शब्द फक्त त्या पोडांवरच मिळतात. सोळा तालुक्यांत विखुरलेल्या या जाणकारांना स्वतःच लिहिता यावे, एकमेकांचे लेखन दुरुस्त करता यावे आणि त्या दुरुस्तीची नोंद कायम राहावी, यासाठी आज उपलब्ध असलेले सर्वांत योग्य साधन विकी हे आहे. मात्र विकी म्हणून जी सॉफ्टवेअरे ओळखली जातात ती सगळी सारखी नाहीत, आणि एकाच पानावर अनेकांना एकाच क्षणी लिहू देणारी, शिवाय खऱ्या अर्थाने मुक्त असलेली सॉफ्टवेअरे त्यांत थोडीच आहेत. ती कशी ओळखावीत आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी त्यांतले काय उपयोगाचे आहे, याचा विचार येथे केला आहे.

विकी म्हणजे वाचकाला ब्राउझरमधूनच बदलता येईल असे संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 25 मार्च 1995 रोजी असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. 15 जानेवारी 2001 रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 चा मानला जातो. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचे नाव मीडियाविकी असे असून ते कोणालाही उतरवून घेऊन आपल्या संगणकावर चालवता येते. विकीचे वेगळेपण कोणालाही लिहिता येते एवढ्यावर संपत नाही. प्रत्येक जतन केलेल्या बदलाची स्वतंत्र आवृत्ती साठवली जाते, तिच्यासोबत बदल करणाऱ्याचे नाव, वेळ आणि बदलाचा थोडक्यात हेतू नोंदला जातो, आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहता येतो. मराठी विकिपीडियावर ‘इतिहास पहा’ या दुव्यामागे असते ते हेच. पानाच्या मजकुराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल या इतिहासाला आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर तो ग्रंथ अनेकांच्या स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, आणि त्यामुळे त्याच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ आढळतात. कोणता पाठ कोणाचा, हे नोंदवून ठेवण्याची महानुभावांची शिस्त विलक्षण होती. यवतमाळ शहरातच डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे अशा हस्तलिखितांचा शोध आणि संग्रह केला, आणि 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध करून या दुर्लक्षित वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पाठभेद पुसून टाकून एकच ‘शुद्ध’ मजकूर हाती देण्यापेक्षा प्रत्येक पाठ नावानिशी जपून ठेवणे हा ज्ञानव्यवहाराचा अधिक प्रामाणिक मार्ग आहे, आणि विकीचे सॉफ्टवेअर पारखताना पहिली कसोटी हीच असली पाहिजे, की कोणी काय लिहिले आणि ते केव्हा बदलले हे वीस वर्षांनंतरही सांगता येईल काय.

आता एकाच वेळच्या लेखनाचा प्रश्न. पारंपरिक विकीमध्ये संपादक पान उघडतो तेव्हा त्या क्षणीच्या मजकुराची एक प्रत त्याच्याकडे येते; तो ती बदलतो आणि जतन करतो. समजा, यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरील शकुंतला रेल्वेविषयीच्या लेखात एक संपादक किलिक निक्सन कंपनीशी असलेल्या तिच्या संबंधाचा इतिहास लिहीत आहे आणि त्याच वेळी दुसरा संपादक त्याच परिच्छेदात मार्गाच्या सद्यःस्थितीविषयी भर घालत आहे. पहिल्याने जतन केल्यावर दुसऱ्याने जतन करू पाहिले, तर दुसऱ्याची प्रत जुन्या मजकुरावर आधारलेली असते. अशा वेळी मीडियाविकी मूळ मजकूर, पहिल्याचा मजकूर आणि दुसऱ्याचा मजकूर या तिहींची तुलना करते. बदल वेगवेगळ्या ओळींत असतील तर ते आपोआप एकत्र करते, पण एकाच जागी असतील तर थांबते आणि दोन्ही मजकूर दाखवून निवड दुसऱ्या संपादकावर सोपवते. याला संपादनसंघर्ष म्हणतात. नवख्या लेखकाला तो पडदा गोंधळात टाकतो, आणि संपादनाच्या कार्यशाळेत दहा-वीस जण एकाच लेखावर बसले की तो वारंवार पुढे येतो.

काही सॉफ्टवेअरे हा प्रश्न कुलूप लावून सोडवतात. 2004 मध्ये सुरू झालेल्या डोकुविकीमध्ये एकाने पान संपादनासाठी उघडले की ठरावीक काळ दुसऱ्याला ते संपादता येत नाही. बुकस्टॅकमध्ये कुलूप नसते, पण दुसरे कोणी त्याच पानावर काम करत असल्याची सूचना मिळते. या पद्धती साध्या आणि भरवशाच्या आहेत, लहान गटाला त्या पुरतातही. मात्र त्यांना एकत्र लेखन म्हणता येत नाही.

एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करण्याची कल्पना विकीपेक्षा बरीच जुनी आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवले होते. तिला गणिती पाया मिळाला तो 1989 मध्ये, एलिस आणि गिब्स या संशोधकांनी मांडलेल्या क्रियारूपांतर या पद्धतीमुळे. ती समजण्यासाठी एक लहान उदाहरण पुरेसे आहे. पानावर ‘वर्धा व पैनगंगा’ एवढीच ओळ आहे असे धरू. वणीचा लेखक ओळीच्या आरंभी ‘पूर्वेला’ हा शब्द आणि त्यानंतरची मोकळी जागा घालतो. त्याच क्षणी उमरखेडचा लेखक ‘पैनगंगा’च्या आधी ‘दक्षिणेला’ हा शब्द आणि तशीच मोकळी जागा घालतो. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षरचिन्ह, काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा हा एकेक वर्णसंकेत असतो. ‘वर्धा व ’ यात असे 8 वर्णसंकेत आहेत, म्हणून उमरखेडच्या लेखकाची आज्ञा ‘आठव्या संकेतानंतर घाला’ अशी असते. पण वणीच्या लेखकाने आरंभी 9 संकेत घातलेले असल्यामुळे ती आज्ञा जशीच्या तशी पाळली, तर ओळ ‘पूर्वेलादक्षिणेला  वर्धा व पैनगंगा’ अशी होते आणि जिल्ह्याच्या सीमेवरच्या दोन्ही नद्यांचा भूगोलच बिघडतो. क्रियारूपांतर पद्धतीत सर्व्हर आधी झालेला बदल लक्षात घेऊन दुसरी आज्ञा बदलतो, आठाच्या जागी सतरा करतो, आणि ‘पूर्वेला वर्धा व दक्षिणेला पैनगंगा’ ही अभिप्रेत ओळ दोघांच्याही पडद्यावर उमटते. हे सारे सेकंदाच्या अंशात घडते, म्हणून लेखकांना आपण एकाच कागदावर लिहीत आहोत असे वाटते.

या तत्त्वावरचे ईथरपॅड हे सॉफ्टवेअर 2008 मध्ये आले. 2009 च्या डिसेंबरमध्ये गूगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली तेव्हा वापरणाऱ्यांनी चिंता व्यक्त केली, आणि त्याच महिन्यात त्याचा मूळ कोड अपाचे परवान्याखाली सर्वांसाठी खुला करण्यात आला. एका कंपनीच्या निर्णयाने बंद पडू शकणारे साधन सार्वजनिक झाले ते असे, आणि मुक्त परवान्याचे महत्त्व पटवणारे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. ईथरपॅडमध्ये प्रत्येक लेखकाच्या मजकुराला वेगळा रंग असतो, प्रत्येक बदल साठवला जातो आणि सरकपट्टी ओढून लेखन आरंभापासून कसे घडत गेले ते पाहता येते. विकिपीडियामागची विकिमीडिया संस्थासुद्धा बैठकांच्या नोंदींसाठी स्वतःचे ईथरपॅड चालवते; ज्या संस्थेकडे जगातील सर्वांत मोठा विकी आहे तिलाही एकत्र टिपणासाठी वेगळे साधन ठेवावे लागते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

क्रियारूपांतराची मर्यादा अशी, की त्याची प्रचलित रूपे सतत जोडलेल्या मध्यवर्ती सर्व्हरवर विसंबून असतात. जोडणी काही क्षण तुटली तर निभावते, पण कोणी दिवसभर जाळ्याबाहेर राहून लिहिले आणि संध्याकाळी परत आला, तर साचलेल्या आज्ञांची रूपांतरे करणे अवघड होत जाते. या अडचणीवर दुसरा मार्ग फ्रान्समधील संशोधकांनी शोधला. 2006 मध्ये नान्सी येथील गटाने मांडलेल्या पद्धतीत स्थानाचा क्रमांक हा आधारच सोडून दिलेला आहे: प्रत्येक वर्णसंकेताला कायमची ओळख मिळते, म्हणजे तो कोणत्या यंत्रावर कितव्या क्रमाने लिहिला गेला याची खूण त्याला चिकटते, आणि नवा संकेत ‘आठव्या जागी’ न घालता ‘अमुक ओळखीच्या संकेताच्या नंतर’ घातला जातो. खोडलेला संकेत दिसेनासा होतो, पण त्याची खूण शिल्लक राहते, कारण दुसरीकडे कोणी त्याच्या आधाराने काही लिहिलेले असू शकते. मग बदल कोणत्याही क्रमाने, कितीही उशिरा पोचले तरी सर्व प्रतींतून अखेर एकच मजकूर तयार होतो. अशा रचनांना 2011 मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी एका सैद्धांतिक चौकटीत बसवले; त्यांना मराठीत संघर्षमुक्त प्रतिकृत रचना म्हणता येईल. वायजेएस आणि ऑटोमर्ज ही या तत्त्वावरची दोन प्रसिद्ध मुक्त साधने असून, अलीकडच्या अनेक लेखन-सॉफ्टवेअरांत वायजेएसचा वापर होतो.

यवतमाळच्या दृष्टीने महत्त्वाचे ते येथेच आहे. तत्क्षणी लेखन म्हटले की दोन माणसे दोन संगणकांसमोर एकाच सेकंदाला लिहीत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर येते. पण ज्या भागात नेटवर्क येते-जाते आणि वीज भारनियमनावर अवलंबून असते, तेथे सेकंदाची एकरूपता हा दुय्यम लाभ आहे. टिपेश्वर अभयारण्याजवळच्या गावात बसून लिहिणाऱ्या शिक्षकाला आपले अक्षर यवतमाळच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटते की नाही याच्याशी कर्तव्य नसते. नेटवर्क गेल्यावरही आपले लेखन वाया जाऊ नये आणि परत आल्यावर ते इतरांच्या लेखनात नीट मिसळावे, ही त्याची गरज असते. या दोन्ही गोष्टी घडवून आणणारे गणित एकच आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या वर्णनात ‘एकाच वेळी संपादन’ हे शब्द आहेत एवढ्यावर न थांबता, जोडणी तुटल्यावर लिहिलेले त्यात टिकते का, हे स्वतः वायफाय बंद करून, दोन ओळी लिहून, मग ते सुरू करून पाहावे. काही सॉफ्टवेअरे आत संघर्षमुक्त रचना वापरत असूनही जोडणी जाताच लेखनाची चौकट गोठवतात, त्यामुळे ही परीक्षा कागदावरच्या वर्णनाने भागत नाही.

या गणिताकडून जे मिळत नाही तेही स्पष्ट असले पाहिजे. सर्व पडद्यांवर एकच मजकूर दिसेल एवढीच हमी ते देते. तो मजकूर अर्थपूर्ण असेल याची नाही. तालुक्यांच्या यादीत ‘झरी जामणी’ राहून गेल्याचे दोघांच्या एकदम लक्षात आले आणि दोघांनी ते जाळ्याबाहेर असताना घातले, तर एकत्रीकरणानंतर यादीत ते नाव दोनदा येईल. जुन्या विकीतील संपादनसंघर्षाचा पडदा त्रासदायक असला, तरी तो माणसाला थांबून वाचायला लावतो. नव्या पद्धतीत ते थांबणे नाहीसे होते, म्हणून वाचून दुरुस्त करणारा संपादक अधिक लागतो, कमी नव्हे.

सॉफ्टवेअर शोधताना परवान्याचीही पारख करावी. मूळ कोड संकेतस्थळावर दिसतो म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त आहे असे होत नाही. ते कोणत्याही कारणासाठी चालवणे, अभ्यासणे, बदलणे, आणि मूळ वा बदललेल्या स्वरूपात इतरांना देणे या चारही मोकळिकी ज्यात आहेत तेच मुक्त म्हणावे. एकाच वेळचे लेखन उत्तम रीतीने साधणाऱ्या आउटलाइन या विकीचा कोड उघडा आहे, दिसायलाही ते देखणे आहे, पण त्याच्या परवान्यात ते इतरांना व्यावसायिक सेवा म्हणून पुरवण्यावर बंधन आहे आणि ठरावीक वर्षांनंतरच ती आवृत्ती पूर्ण मुक्त होते. काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. याउलट एजीपीएल या नावाने ओळखला जाणारा परवाना एक पाऊल पुढे जातो: सॉफ्टवेअर बदलून ते जाळ्यावरून सेवा म्हणून देणाऱ्याने बदललेला कोडही वापरणाऱ्यांना उपलब्ध करून दिला पाहिजे, अशी अट तो घालतो. सार्वजनिक ज्ञानासाठी ही अट हितकारक आहे.

या कसोट्यांवर उतरणाऱ्या सॉफ्टवेअरांत एक्सविकीचा क्रम वरचा आहे. लुडोविक डुबो यांनी 2003 मध्ये फ्रान्समध्ये त्याची सुरुवात केली, ते एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि एकत्र संपादनाची सोय त्याच्या मूळ संचात आलेली आहे. आवृत्तींचा इतिहास, परवानग्यांची बारीक रचना आणि तक्त्यांत माहिती बसवण्याची क्षमता यांत ते समृद्ध आहे. पण ते जावा या भाषेतले असल्याने त्याला बरी स्मृती असलेला सर्व्हर आणि सांभाळणारा जाणकार लागतो. त्याच कंपनीतून निघालेले क्रिप्टपॅड मजकूर लेखकाच्याच यंत्रावर कूटबद्ध करते, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. नेक्स्टक्लाउड या फाइली ठेवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरला जोडता येणारे कलेक्टिव्हज हे विकीसारखे साधन एजीपीएलखाली आहे, वायजेएसवर आधारलेले आहे आणि त्यातील पाने साध्या मजकुराच्या फाइली म्हणून साठवली जातात, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर सोडले तरी मजकूर हाती राहतो. ज्या संस्थेत नेक्स्टक्लाउड आधीच आहे तिने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. 2024 मध्ये पुढे आलेले डॉकमोस्ट हे एजीपीएलखालचे नवे विकी वापरायला सुबक आहे, पण त्याचे वय लहान असल्याने दीर्घकालीन संग्रह त्याच्यावर सोपवण्यापूर्वी थोडी वाट पाहावी. विकी.जेएस हे लोकप्रिय आणि एजीपीएलखालचे असले तरी त्याच्या प्रचलित दुसऱ्या आवृत्तीत एकत्र लेखन नाही. हेजडॉक एकत्र लेखनासाठी उत्तम आहे, मात्र पानांचे परस्परसंबंध आणि वर्गवारी यांची विकीसारखी व्यवस्था त्यात नाही. मीडियाविकीच्या दृश्य संपादकातही एकत्र लेखनाचा प्रायोगिक कोड आहे. विकिपीडियावर मात्र ती सुविधा नियमित वापरात आलेली नाही.

देवनागरीमुळे या निवडीला आणखी एक पदर येतो, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या तुलनांत तो सहसा आढळत नाही. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो: युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त देऊन, साध्या ‘र’ला नुक्ता आणि मग हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटू शकतात. युनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमांनी पहिले दोन प्रकार एकरूप होतात आणि मीडियाविकी मजकूर जतन करताना ते प्रमाणीकरण करते. तिसरा प्रकार मात्र त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. एकत्र संपादनाच्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक कळ दाबताच मजकूर पाठवला जात असल्याने जतन करण्याचा असा वेगळा क्षण बहुधा नसतोच, आणि मग वेगवेगळे कळफलक वापरणाऱ्यांचे ‘वऱ्हाड’ एकाच पानावर वेगवेगळ्या संकेतांनी नांदू लागतात. दुसरी अडचण जोडाक्षरांची आहे. ‘क्ष’ हे वाचकासाठी एक अक्षर असले तरी संगणकासाठी तीन वर्णसंकेत असतात. दुसऱ्याचा बदल त्यांच्या मध्येच येऊन पडला तर अक्षर फुटते. शिवाय इंग्रजी कळांवरून लिप्यंतर करून मराठी लिहिताना शब्द पूर्ण होईपर्यंत तात्पुरता मजकूर चौकटीत असतो, आणि त्याच वेळी दुसऱ्याचे अक्षर आले तर काही संपादकांत तो तात्पुरता शब्द गायब होतो किंवा दोनदा उमटतो. म्हणून निवड पक्की करण्याआधी एकाने इनस्क्रिप्ट कळफलकाने, दुसऱ्याने लिप्यंतराने आणि तिसऱ्याने मोबाइलवरून एकाच परिच्छेदात मराठी लिहून पाहणे अत्यावश्यक आहे.

कोलामीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्यता असलेल्या तीन समूहांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम येतात, आणि त्यांची भाषा मराठीच्या नव्हे तर द्राविड कुळातली आहे. मरे एमेनो यांनी 1955 मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या भाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही उच्चार अर्थभेदक आहेत. द्राविड भाषांच्या लेखनासाठी युनिकोडच्या देवनागरीत ऱ्हस्व ‘ऎ’ आणि ‘ऒ’ यांची चिन्हे आहेत, पण मराठीच्या नेहमीच्या कळफलकांवर ती सहज सापडत नाहीत. कोलामी शब्दसंग्रहाचे पान दहा जणांनी एकत्र लिहायला घेतले आणि निम्म्यांनी ही चिन्हे वापरली, निम्म्यांनी वापरली नाहीत, तर सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी तयार होणारा संग्रह विस्कळीत होईल. येथे एकत्र लेखनाआधी विकीच्या चर्चापानाचा उपयोग होतो: लेखनाचे नियम कोलामी बोलणाऱ्यांनीच तेथे ठरवावेत, मतभेद असतील तर दोन्ही रूपे ठेवून एका रूपाच्या पानावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करावे, आणि मगच शब्द भरायला घ्यावेत. ही चर्चा घाईने उरकण्यासारखी नाही. तिला महिने लागले तरी ते योग्यच होय.

याच्या नेमकी उलट परिस्थितीही जिल्ह्याने पाहिली आहे. 2017 च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अशा संकटात कोणत्या औषधांचे मिश्रण वापरले गेले, लक्षणे कोणती होती, कोणत्या केंद्रावर उतारा उपलब्ध आहे, ही माहिती कृषी सहायक, आरोग्यसेविका, डॉक्टर आणि कृषी केंद्रचालक यांच्यात विखुरलेली असते आणि ती काही तासांत एकत्र येणे जिवावरचे संकट टाळू शकते. येथे आवृत्तींची संथ शिस्त पुरत नाही. सर्वांना एकाच वेळी दिसणारे, एकाच वेळी लिहिता येणारे पान लागते. रुग्णांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील त्यात येता कामा नयेत, आणि वैद्यकीय निर्णयांचे वेगळे पान डॉक्टरांखेरीज कोणाला बदलता येऊ नये, एवढी बंधने मात्र आधीच आखून ठेवावी लागतात. यांतले दुसरे बंधन घालण्याची सोय साध्या ईथरपॅडमध्ये नाही, एक्सविकीसारख्या प्रणालीत आहे.

या दोन टोकांकडे पाहिले म्हणजे एकच सॉफ्टवेअर सर्व कामांना पुरेल हा आग्रह सोडावा लागतो. मराठी विकिपीडियावर सरावासाठी जे पान असते त्याला ‘धूळपाटी’ म्हणतात. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने किंवा सार्वजनिक ग्रंथालयाने असा प्रकल्प हाती घेतला, तर बैठकीत, कार्यशाळेत किंवा संकटकाळी एकत्र लिहिण्यासाठी धूळपाटी म्हणून ईथरपॅड वा हेजडॉक ठेवावे, आणि तेथे तयार झालेला मजकूर वाचून, नीटनेटका करून, लेखकांची नावे बदलाच्या सारांशात लिहून मीडियाविकीवर न्यावा, ही व्यवस्था आजघडीला सर्वांत टिकाऊ ठरेल. मीडियाविकी निवडण्याचे कारण असे, की त्याचे भाषांतर मराठीत उपलब्ध आहे, विकिपीडियामुळे ते मागे पडण्याची शक्यता नाही, आणि त्यात तयार झालेला माणूस थेट मराठी विकिपीडियावर काम करू शकतो. या जोडणीत एक त्रुटी राहते: पॅडमधील अक्षराअक्षराचा इतिहास विकीवर येत नाही, फक्त अंतिम मजकूर येतो. ती मान्य नसेल आणि सर्व्हर सांभाळणारे मनुष्यबळ असेल, तर एक्सविकीच घ्यावे.

या सगळ्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. ईथरपॅड आणि डोकुविकी जुन्या, साध्या संगणकावरही चालतात. आश्रमशाळेतील एका संगणकावर ईथरपॅड बसवून वायफाय राउटरला जोडले, तर बाहेरचे जाळे नसतानाही वर्गातील सर्व मोबाइलवरून एकाच पानावर एकत्र लिहिता येते. अशा ठिकाणी तयार झालेली पाने आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन तालुक्याच्या ठिकाणी नेता येतात. मजकुरासाठी श्रेय देऊन सर्वांना वापरता येईल असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आरंभीच जाहीर करावा, कारण शंभर लेखकांकडून नंतर परवानगी मिळवणे जवळजवळ अशक्य असते. मीडियाविकीतील सर्व पाने त्यांच्या संपूर्ण इतिहासासह एका एक्सएमएल फाइलमध्ये काढता येतात. ती फाइल दर महिन्याला काढून तिच्या प्रती यवतमाळ, पुसद आणि वणी येथील तीन वेगवेगळ्या संस्थांकडे ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा त्यांपैकी एक प्रत रिकाम्या संगणकावर उघडून पाने, नावे आणि तारखा जशाच्या तशा परत येतात की नाही, हे तपासून घ्यावे.